जपानी कादंबऱ्यांतला वर्गातला छळ, आणि सोसणाऱ्याकडूनच होणारी वसुली

पानगळ

रसभंगाचा इशारा आधीच देते. खाली जी पुस्तकं येतील त्यांचे शेवट सरळ सांगून टाकले आहेत. ज्यांना ती कोरी वाचायची आहेत त्यांनी इथूनच परत फिरावं.

मिएको कावाकामी यांच्या 'हेवन'मध्ये हॉस्पिटलातला एक प्रसंग आहे. चौदा वर्षांचा मुलगा, डोळ्याने तिरळा, नाव शेवटपर्यंत कळत नाही. काळ १९९१चा, म्हणजे मोबाइल नाही की व्हॉट्सॅप नाही. वर्गातली पोरं त्याला रोज छळतात. नुकताच त्यांनी एक फाटका व्हॉलिबॉल त्याच्या डोक्यात घालून त्या डोक्याचा फुटबॉल केला आहे. त्या दुखापतीसाठी तो हॉस्पिटलात जातो आणि तिथे त्याला त्याच टोळक्यातला मोमोसे दिसतो. मोमोसे स्वतः फारसा हात उचलत नाही, बाजूला उभा राहून बघतो. मुलगा कसाबसा धीर करून विचारतो, का करता तुम्ही हे?

मोमोसेचं उत्तर वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तो म्हणतो, कारण वगैरे काही नाही. तुझ्या डोळ्याचाही संबंध नाही. आम्हाला करावंसं वाटलं, करता आलं, आणि तू समोर होतास. मुलगा म्हणतो, तुमच्याशी कुणी असं वागलं तर? आपल्या सगळ्यांना आजीने शिकवलेला हा युक्तिवाद. मोमोसे तोही उडवून लावतो. जगात कोण वागतं तसं? बाप लोक अश्लील सिनेमात जे मिटक्या मारत बघतात, ते स्वतःच्या मुलीच्या वाट्याला आलेलं त्यांना चालेल का? प्रत्येकजण आपल्याला जमेल ते करतो. तुलाही आम्हाला मारावंसं वाटत असेल तर मार, कुणी अडवलंय? तुला जमत नाही, एवढंच.

अख्ख्या कादंबरीत मोमोसेला कुणी उत्तर देत नाही. शिक्षक नाही, आईबाप नाही, लेखिकाही नाही.

त्याच्या समोरच्या टोकाला आहे कोजिमा, त्याच वर्गातली मुलगी. तिलाही छळतात, कारण ती अंघोळ करत नाही, मळके कपडे घालते. आईने गरीब बापाला सोडून पैसेवाल्याशी लग्न केलंय. आपण स्वच्छ झालो तर बापाला विसरल्यासारखं होईल, म्हणून ती हा मळ जपते. ती मुलाला चिठ्ठ्या लिहिते, त्यांची मैत्री होते. मैत्री फार सुंदर लिहिली आहे, त्यावर वेगळा धागा होईल. पण कोजिमाचं म्हणणं असं की आपण सोसतो त्याला अर्थ आहे. आपण दुबळे म्हणून सोसत नाही, आपल्याला समजतं म्हणून सोसतो. एक दिवस त्यांनाही समजेल.

मग डॉक्टर सांगतात की डोळ्याचं ऑपरेशन होऊ शकतं. खर्च पंधरा हजार येन. लहानपणी एकदा झालेलं, टिकलेलं नाही, पण पुन्हा करता येईल. मुलगा कोजिमाला हे सांगतो आणि ती बिथरते. तिच्या लेखी हा डोळा म्हणजेच तो, आणि ऑपरेशन म्हणजे फितुरी.

इथे मी अडकले. मोमोसे म्हणतो तुझ्या दुःखाला काही अर्थ नाही. कोजिमा म्हणते फार मोठा अर्थ आहे. पण दोघांच्याही हिशेबात त्या मुलाने मार खात राहायचं आहे! थांब, बरा हो, निघून जा, असं दोघंही म्हणत नाहीत. ते म्हणते त्याची सावत्र आई, जिला पुस्तकात फारसं स्थानच नाही, आणि तेही अगदी साध्या शब्दांत.

तेव्हापासून या विषयावरच्या इतर जपानी कथा मी याच नजरेने पाहते आहे. छळणारा दोषी आहे हे सांगायला कादंबरी लागत नाही. खरी गोम पुढे आहे. ज्याने सोसलं त्याच्याकडूनच वर आणखी काय काय मागितलं जातं? माफ कर. समजून घे. मोठा हो. तुझ्या दुःखातून आम्हाला काहीतरी दे. मिझुकी त्सुजिमुरा यांच्या 'लोनली कॅसल इन द मिरर'मध्ये (मूळ २०१७, पुढच्या वर्षी जपानी पुस्तकविक्रेत्यांचं पारितोषिक) कोकोरो नावाची सातवीतली मुलगी शाळेत जाणं बंद करते, कारण सानादा आणि तिच्या मैत्रिणींनी तिच्या घराला वेढा घालून दारं-खिडक्या बडवल्या होत्या. वर्गशिक्षक घरी येतात ते काय सांगायला? तर सानादालाही तिची बाजू आहे, भेटून बोला. म्हणजे जिच्या घरावर चाल करून गेले, समजूतदारपणाची पहिली पाळीही तिचीच.

माझं मत सरळ सांगते. मला तीच पुस्तकं प्रामाणिक वाटतात जी ही वसुली नाकारतात. तुम्हाला काय वाटतं?

---

खोडरबर

रुमाल टाकून ठेवतो. 'हेवन' त्या व्हॉलिबॉलच्या पानापाशीच सोडली होती. आता शेवटाकडचं कळलंच आहे तर उरलेली वाचायला हरकत नाही.

---

टोकदार

पानगळ, धागा उत्तम, पण मोमोसेवर थोडा अन्याय होतोय. तो समर्थन करत नाहीये, वर्णन करतोय. वर्गातला सगळ्यात थंड डोक्याचा मुलगा सांगतोय की तुम्ही ज्याला कारण म्हणता ते तुम्ही मागाहून चिकटवता.

मला लेखिकेचं धाडस वेगळ्याच ठिकाणी दिसलं. मोमोसे स्वतः आजारी आहे. पीटीच्या तासाला बाहेर बसतो, हॉस्पिटलात येतो. दुसऱ्या कुणा लेखकाने इथे लगेच त्याच्या आजाराचा किंवा दारुड्या बापाचा पत्ता टाकला असता आणि आपण 'अरेरे, बिचारा' म्हणून सुटलो असतो. कावाकामी हा पत्ता हातात ठेवून टाकत नाहीत. छळणाऱ्याला दुःखी भूतकाळ द्यायचा नाही, हाही एक नैतिक निर्णयच आहे.

आणि उत्तर मिळत नाही म्हणतेस ते अर्धंच खरं. शेवटी बागेत, पावसात, त्या मुलाच्या हातात दगड येतो. तो मारला असता तर मोमोसे बरोबर ठरला असता: ज्याला जमतं तो करतो. मारत नाही.

---

पानगळ

टोकदार, आजाराचा मुद्दा मान्य, एकदम मान्य. दगडाचं मात्र पटत नाही. तो मारत नाही कारण त्याने काही ठरवलं म्हणून, की मोमोसे म्हणाला तसं त्याला जमतच नाही म्हणून? त्या पानावर त्याच्या डोक्यात कोजिमाचा आणि मोमोसेचा आवाज एकमेकांत मिसळलेत. दोन्ही अर्थ लागतात, आणि लेखिकेला तेच हवं असावं.

---

अरुंधती_क

सगळे दगडाबद्दल बोलताहेत. त्याच बागेत कोजिमाचं काय होतं ते कुणी लिहायचं?

टोळकं त्या दोघांना कपडे काढायला सांगतं. कोजिमा स्वतःहून काढते, हसत हसत एकेकाकडे चालत जाते, त्यांच्या चेहऱ्यांवरून हात फिरवते. टोळकं हादरतं. वाचताना अंगावर काटा येतो, संतत्वाचा क्षण असल्यासारखं लिहिलंय. त्यानंतर? त्यानंतर तो तिला पुन्हा कधी भेटत नाही. त्याचं ऑपरेशन होतं, त्याला पहिल्यांदा जगाची खोली दिसते, झाडं झळझळीत दिसतात, आणि पुस्तक संपतं. मुलीने अंगावरचं सगळं उतरवून दिलं आणि मुलाला डोळे मिळाले. वसुलीच म्हणायची तर ही बघा.

हे लिहिणारी बाई आहे, म्हणून मी विचार करत राहिले. मला वाटतं कावाकामींना हे पुरेपूर ठाऊक आहे. कोजिमाने सोसण्याचं व्रत केलं. मळ, मग खाणं कमी, मग आणखी कमी. व्रताची गंमत अशी असते की ते मोडलं तर आधीचं सगळं वाया जातं, म्हणून माणूस मोडत नाही. सोशिक म्हणून कौतुक करून एखादीला आयुष्यभर सोसायला लावणं आपल्या घरांतही चालतं, त्यामुळे कोजिमा मला परकी वाटलीच नाही. तिला कुणी 'पुरे आता' म्हणणारं हवं होतं. तिचा एकुलता एक मित्र म्हणाला नाही, आणि त्याचं वय चौदा आहे हे ध्यानात घेऊनही मला त्याचा राग आला.

---

खोडरबर

अरुंधतीताई, कडक. ते शेवटचं पान मी 'चला, निदान याचं तरी बरं झालं' म्हणून वाचणार होतो. आता ती सोय गेली.

---

सैतामाकर

जपानात बरीच वर्षं राहतोय, मुलं इथल्याच सरकारी शाळेत. साहित्यातलं मला फार कळत नाही, पण या पुस्तकांच्या मागचं थोडं सांगतो, कारण ती हवेतून आलेली नाहीत.

१९८६ साली तोक्योतल्या नाकानो भागातल्या एका शाळेतल्या आठवीच्या मुलाने छळामुळे जीव दिला. त्याआधी वर्गाने त्याची खोटी अंत्ययात्रा मांडली होती. त्याच्या बाकावर फुलं, आणि निरोपाच्या कार्डावर सगळ्यांच्या सह्या. त्या कार्डावर चार शिक्षकांच्याही सह्या होत्या. इथल्या माझ्या वयाच्या माणसांना हे कार्ड अजून आठवतं. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी सहलेखकाबरोबर वर्गातल्या छळाची चार वर्तुळं मांडली: सोसणारा, छळणारे, हसून साथ देणारे आणि गप्प बघणारे. त्यांचं म्हणणं, शेवटची दोन वर्तुळं किती मोठी आहेत यावर छळ टिकतो की विरतो ते ठरतं. इथे शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे आजही येतं.

२०११मध्ये शिगा प्रांतातल्या ओत्सु शहरात एका तेरा वर्षांच्या मुलाने छळामुळे जीव दिला. शाळेने आणि शिक्षण मंडळाने ते कसं हाताळलं यावरून देशभर गदारोळ उठला आणि २०१३मध्ये संसदेने छळ-प्रतिबंधाचा कायदा केला. त्यातली व्याख्या पाहा. समोरच्याचा हेतू काय होता हे विचारायचं नाही, ज्याच्याशी केलं त्याला त्रास झाला का, एवढंच पाहायचं. मोमोसे म्हणतो 'कारण काही नाही'. कायदा म्हणतो बरं, मग तुझं कारण आम्हाला नकोच आहे. मला हे कायद्याचं उत्तर म्हणून आवडतं.

या व्याख्येमुळे आकडे फुगलेले दिसतात. २०२३-२४च्या शालेय वर्षात देशभरात ७,३२,५६८ प्रकरणं नोंदली गेली. पेपरात मथळे आले, पण मंत्रालयाचं म्हणणं असं की बारीकसारीकही नोंदवा, ज्या शाळेत शून्य आहे तिथेच आधी शंका घ्या. त्याच वर्षी शाळेत न जाणारी पहिली ते नववीची मुलं ३,४६,४८२ होती. सगळीच छळामुळे घरी बसलेली नाहीत, हे लक्षात घ्या. पण कोकोरोची गोष्ट इथे इतकी का खपली ते यावरून कळेल.

---

मास्तर_निवृत्त

सैतामाकर, चार सह्या वाचून काही वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. पस्तीस-चाळीस पोरांच्या वर्गात 'गंमत आहे सर, करा की सही' म्हणून कार्ड पुढे आलं की हात कसा जातो हे मला समजतं, आणि समजतं म्हणूनच भीती वाटते.

कोकोरोच्या शिक्षकांबद्दल. मी तीस वर्षं खडू धरला. शिक्षकाला समेट हवा असतो, आणि घंटा व्हायच्या आत हवा असतो. दोघांना समोरासमोर उभं करायचं, हात मिळवा म्हणायचं, पुढचा तास घ्यायचा. सानादासारखी मुलगी शिक्षकांना आवडतेही. कामसू, बोलकी, वर्ग सांभाळते. जी गप्प झाली ती पटावर नुसतं 'गैरहजर' म्हणून उरते. त्सुजिमुरांनी हा शिक्षक दुष्ट रंगवलेला नाही, उत्साही रंगवलाय. हे त्यांनी फार अचूक टिपलंय.

पण या धाग्यात 'कन्फेशन्स' अजून कशी आली नाही? कानाए मिनातो, २००८. पुढे तेत्सुया नाकाशिमांनी सिनेमा केला. शिक्षिका सत्राच्या शेवटच्या दिवशी वर्गाला शांतपणे सांगते की माझ्या लहान मुलीचा जीव याच वर्गातल्या दोघांनी घेतला. पोरं चौदाच्या आतली, जपानी कायद्यात चौदाखाली फौजदारी शिक्षा नाही. ही मर्यादासुद्धा आधी सोळा होती, २०००च्या दुरुस्तीने चौदावर आली. म्हणून तिने स्वतःच सूड घेतलाय, आणि तोही त्यांच्या दुधाच्या खोक्यातून.

सगळे त्या सुडाबद्दल बोलतात. मला पुढचा भाग जास्त जिव्हारी लागला. नव्या वर्षात अख्खा वर्ग त्या दोघांतल्या एकाला छळायला लागतो, अगदी गुण मोजून. आणि वाचक म्हणून आपण मनातल्या मनात म्हणतो, बरं झालं. खुनी आहे ना, मग चालतं. वर्गाची अध्यक्ष मुलगी मागे राहते तर तिच्यावरही संशय, तूपण मार नाहीतर तू त्याच्या बाजूची. न्यायाच्या नावाखाली तोच खेळ. मिनातोबाईंनी वाचकालाच सैतामाकरांच्या तिसऱ्या वर्तुळात उभं केलंय.

---

टोकदार

मास्तर, 'चांगल्या कारणासाठी छळ' हा मुद्दा बरोबर पकडलात. मुराकामींची 'सायलेन्स' ही कथा आठवली (१९९१, 'द एलिफंट व्हॅनिशेस' या इंग्रजी संग्रहात आहे). ओझावा नावाचा माणूस विमानतळावर वेळ काढताना सांगतो की शाळेत आओकी या हुशार, लाडक्या मुलाने त्याच्याविषयी अफवा उठवली. वर्गातल्या एका मुलाने जीव दिला होता, आणि ओझावा बॉक्सिंग शिकत होता. तेवढ्यावर लोकांनी दोन आणि दोन पाच केले. महिनोन्‌महिने कुणी त्याच्याशी एक शब्द बोललं नाही. कुणी बोट लावलं नाही. नुसती शांतता.

शेवटी ओझावा म्हणतो की मला आओकीची भीती वाटत नाही. असे लोक असतातच, ओळखले की लांब राहावं. भीती वाटते ती त्यांची, जे आओकीचं म्हणणं तसंच्या तसं गिळतात, चौकशी करत नाहीत, आणि आपण कुणाचं काही बिघडवलं असं त्यांच्या मनातही येत नाही. मुराकामींच्या बाकीच्या मांजरी-विहिरी सोडून द्या, ही कथा वाचा.

---

बोलकाबोका

नमस्कार मंडळी, मी इथे नवीन. कॉलेजात आहे, 'हेवन' वाचलेली नाही, पण 'अ सायलेंट व्हॉइस' तीनदा पाहिलाय आणि त्याच्या मूळ मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, सातही खंड वाचलेत. कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

योशितोकी ओइमा यांची ही मालिका. सहावीतला इशिदा नव्याने आलेल्या शोकोला छळतो. तिला ऐकू येत नाही. तो तिची श्रवणयंत्रं ओढून फेकतो, एकामागून एक, आणि शेवटी इशिदाच्या आईला सतरा लाख येन भरून द्यावे लागतात. मुख्याध्यापक चौकशीला येतात तेव्हा वर्गशिक्षक आणि सगळी मुलं एकट्या इशिदाकडे बोट दाखवतात. दुसऱ्या दिवसापासून तोच नवा बळी.

मला यात आवडतं ते हे की गोष्ट छळणाऱ्याच्या आतून सांगितली आहे. तो मोठा होतो, खुणांची भाषा शिकतो, तिला शोधत जातो. आणि कावाई! ती कायम म्हणत राहते की मी तर काहीच केलं नव्हतं, रडतेही, आणि तिला ते मनापासून खरं वाटतं. टोकदारदादा म्हणाले ते ओझावाचे लोक, तीच ही. आमच्या वर्गात अशा पाच होत्या.

पानगळताई, तुमच्या हिशेबाने हे पुस्तक नापास होणार ना? कारण शोको माफ करते.

---

अरुंधती_क

बोका, स्वागत. माझ्याकडून काठावर पास. शोको माफ करते यावर माझा आक्षेप नाही. ती आधीपासूनच सगळ्यांची माफी मागत असते यावर आहे! मार तिने खायचा आणि 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' हेही तिनेच म्हणायचं. सिनेमात तर ती इशिदाला वर चढायची शिडी होऊन बसते. त्याचं मन मोकळं व्हावं म्हणून तिचं हसू.

त्यातल्या त्यात आकाशपाळण्याचा प्रसंग मला खरा वाटला. उएनो तिला तोंडावर सांगते की तू मला आवडत नाहीस, तुलाही मी आवडत नाही, हे मान्य करून टाकूया. उद्धट आहे ती, नंतर हातही उचलते. पण शोकोला रागावण्याचा हक्क असू शकतो हे त्या पुस्तकात पहिल्यांदा तिनेच गृहीत धरलंय.

---

बोलकाबोका

ताई, सिनेमाबद्दल पटलं. दोन तासांत बसवायचं म्हणून बरंच गेलंय. पण मांगामध्ये एक प्रकरण शोकोच्या बाजूने आहे. तिथे लोकांच्या बोलण्याचे फुगे असतात पण आतली अक्षरं अर्धवट पुसलेली, तिला ऐकू येतं तसं. आपल्यालाही कळत नाही कोण काय म्हणतंय, डोळे ताणून वाचावं लागतं. तिला माफ करणारी देवी केलंय असं म्हणणाऱ्यांनी ते प्रकरण वाचावं. तिची दमछाक कळते.

---

पानगळ

बोका, नापास वगैरे नाही रे. माफी हा ज्याचा त्याचा प्रश्न. मागितली म्हणून द्यावीच लागते असं पुस्तक म्हणायला लागलं की मी बिचकते. इशिदाचं एक मला आवडतं. तो श्रवणयंत्रांचे पैसे आईला फेडायला राबतो आणि मग भेटायला जातो. माफी मागायला जाण्याआधी देणं फेडायचं असतं, हा क्रम त्याला कळलाय. तरी मनात प्रश्न राहतोच. ती भेट कुणासाठी? तिला हवी होती का?

---

जुनी_वही

पुण्यात जपानी शिकताना आमच्या सेन्सेईंनी कियोशी शिगेमात्सु यांची 'जुजिका' वाचायला लावली होती. जुजिका म्हणजे क्रूस. २००९ची कादंबरी. या धाग्यासाठीच लिहिल्यासारखी आहे.

आठवीतला एक मुलगा छळामुळे जीव देतो. मागे चिठ्ठी ठेवतो, तिच्यात चार नावं. दोघांना म्हणतो तुम्हाला कधीच माफ करणार नाही. एका मुलीची क्षमा मागतो. आणि चौथ्याचे आभार मानतो: माझा जिवलग मित्र झालास म्हणून. तो चौथा म्हणजे युउ, आपला निवेदक. गोष्ट अशी की युउ त्याचा जिवलग वगैरे नव्हताच. लहानपणी खेळायचे, मोठं झाल्यावर अंतर पडलं. छळ चालू असताना तो इतरांसारखाच बघत बसला होता.

आता करा विचार. आईला वाटतं मुलाचा निदान एक मित्र होता. ती युउला बोलावते, मुलाच्या गोष्टी सांग म्हणते. त्याने काय सांगायचं? बापाला मात्र कळलेलं आहे, आणि तो एकच प्रश्न विचारतो: जिवलग होतास ना, मग वाचवलं का नाहीस? पुढची अनेक वर्षं, युउ स्वतः बाप होईपर्यंत, हे ओझं उतरत नाही. शिगेमात्सु कुठेही ते उतरवायची घाई करत नाहीत. बाप माफ करत नाही, आणि पुस्तक त्याला त्याबद्दल एका शब्दाने बोल लावत नाही.

पानगळ, तू विचारलंस ना वसुली कुठे नाकारली जाते, ती इथे. इथे वसुली सोसणाऱ्याकडून नाही, बघणाऱ्याकडून होते.

---

मास्तर_निवृत्त

जुनी वही, हे इंग्रजीत आहे का? नसेल तर तुम्हीच मराठीत आणा. मी मुद्रितं तपासून देतो, फुकट.

मात्र एक शंका. त्या मुलाने आभार मानले ते प्रेमाने, की तीही एक शिक्षाच होती?

---

जुनी_वही

मास्तर, इंग्रजीचं माहीत नाही, मी जपानीतच वाचली. मराठीत आणायचं मनात आहे, हिंमत होत नाही. तुमच्या शंकेवर आमच्या वर्गात दोन तट पडले होते. मी प्रेमाच्या बाजूने होते. त्याला खरंच युउ मित्र वाटत असावा, कारण बाकी कुणी नव्हतंच. पण परिणाम शिक्षेपेक्षा वाईट. ज्यांना 'माफ करणार नाही' म्हटलं त्यांना निदान आपली जागा कळली.

---

सैतामाकर

चर्चा सिनेमाकडे वळलीच आहे तर कोरेएदांचा 'मॉन्स्टर' (२०२३) बघा. कान महोत्सवात त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं. एकच घटना आधी आईच्या, मग शिक्षकाच्या, मग मुलांच्या नजरेतून दिसते. पहिल्या भागात शिक्षक नालायक वाटतो, दुसऱ्यात कळतं की आपणच त्याला सुळावर चढवलं. त्यातल्या मुख्याध्यापिकेचा शाळेचं नाव राखण्यासाठी यंत्रासारखा वाकून माफी मागण्याचा प्रसंग जपानात राहणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचा वाटेल. माफी मागणं हासुद्धा समोरच्याला गप्प करण्याचा प्रकार असू शकतो.

---

आठवीची_आई

गेले दोन दिवस वाचतेय, लॉगिन आज केलं. मुलगा आठवीत आहे. वर्गात काहीतरी चाललंय एवढं जाणवतं, तो सांगत नाही. यातलं कुठलं पुस्तक त्याला देऊ? की देऊच नको?

---

मास्तर_निवृत्त

बाई, पुस्तकाआधी शाळेत जा, आणि एकट्या जाऊ नका. वर्गशिक्षकाला तोंडी सांगून थांबू नका, लेखी द्या, पोच घ्या. पोराला 'सांग सांग' करून पिडू नका, पण दप्तर, वह्या, डबा यांवर लक्ष ठेवा. आणि त्याला शाळेत जायचं नसेल तर दोन दिवस घरी राहिला म्हणून आभाळ कोसळत नाही.

---

पानगळ

मास्तरांना मोदक. पुस्तकच द्यायचं तर 'लोनली कॅसल इन द मिरर', फिलिप गेब्रियल यांचं इंग्रजी भाषांतर सोपं आहे. आरशातून एका वाड्यात जाणारी सात मुलं, लांडग्याचा मुखवटा घातलेली एक मुलगी, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच हीच वेळ, म्हणजे नेमकी शाळेची. साहसकथा म्हणून वाचली जाते, 'हे तुझ्यासाठी आहे हं' असं तोंडावर फेकत नाही. शिवाय त्यात कोकोरोची आई हळूहळू तिच्या बाजूने उभी राहते आणि त्या शिक्षकांना सुनावते. ते तुम्ही स्वतःसाठी वाचा. सिनेमाही आहे, २०२२चा, केइइची हारांचा.

'हेवन' आत्ता नको. ती मोठ्यांची आहे.

---

टोकदार

'हेवन' नको याला माझा विरोध. चौदाव्या वर्षी मला कुणी मोमोसेचं भाषण वाचायला दिलं असतं तर 'माझ्यातच काहीतरी खोट आहे म्हणून हे होतंय' या समजुतीतून मी दोन वर्षं आधी सुटलो असतो. तुझ्या डोळ्यामुळे नाही, असं त्या मुलाला सांगणारा पुस्तकात दुसरा कोण आहे?

---

अरुंधती_क

टोकदार, हा मुद्दा मला सुचला नव्हता. पण मुलाने ते एकट्याने वाचू नये. व्हॉलिबॉलचा प्रसंग आणि बाग, दोन्ही ठिकाणी शेजारी कुणीतरी मोठं हवं. आठवीच्या आई, तुम्ही आधी वाचा, मग ठरवा. आणि शाळेत जाऊन आलात की इथे कळवा. कुठल्या गावात आहात ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंत तर तिथे मुलांशी बोलणारं कुणी चांगलं माहीत आहे का ते बघते.

---

आठवीची_आई

व्यनि केला. सोमवारी जातेय, मिस्टरांनाही सुट्टी टाकायला सांगितलंय. मास्तर, अर्ज मराठीत चालेल ना? शाळा इंग्रजी माध्यमाची आहे.

---

मास्तर_निवृत्त

चालेल. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसकट शिक्का घ्या. मसुदा हवा असेल तर आज रात्री पाठवतो.